कॉफी केकवरचा चुरा दर वेळी आत बुडतो. नाश्त्यासाठी तो नीट कसा जमवायचा?

तुमचे तीन प्रश्न आहेत: केकमध्ये कॉफी किती घालायची, वरचा चुरा भाजताना आत का जातो, आणि नाश्त्याला गरम केक हवा असेल तर पहाटे किती वाजता उठायचं.

कॉफी घालायचीच नाही. अमेरिकेत कॉफी केक म्हणतात तो कॉफीबरोबर खायचा केक. ब्रिटनमध्ये मात्र त्याच नावाने कॉफीच्या स्वादाचा, बहुतेकदा अक्रोड घातलेला केक ओळखला जातो, त्यामुळे पाककृती शोधताना गोंधळ होतो. तुम्ही चुऱ्याबद्दल विचारताय, म्हणजे तुमचा केक अमेरिकी. हा चुरा जर्मन घरांतून आला. तिकडे त्याला स्ट्रॉयझल म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी 'भुरभुरणं' हीच क्रिया आहे. जर्मन केक यीस्टवर फुगवलेला आणि पसरट असतो. आपण करतोय तो बेकिंग पावडर आणि सोड्याचा, म्हणजे पीठ फुगायची वाट बघायला नको.

आता चुऱ्याकडे येते, कारण या केकचा जीव तिथेच आहे. माझाही कितीतरी वेळा बुडाला आणि मी दर वेळी चुऱ्यालाच दोष दिला. खरं कारण बहुतेकदा खालचं मिश्रण असतं. ते सैल असेल तर लोणी घातलेला जड चुरा त्यावर तरंगणार कसा? या केकचं मिश्रण चमच्यातून ओघळता कामा नये. ते धप्पकन पडायला हवं आणि टिनमध्ये चमच्याच्या पाठीने पसरावं लागायला हवं. म्हणून मैदा वाटीने न घेता वजनाने घ्या. एकच कप हलक्या हाताने भरला आणि दाबून भरला, तर मैद्यात २५-३० ग्रॅमचा फरक सहज पडतो.

२० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनसाठी माझं प्रमाण असं: २०० ग्रॅम मैदा, १ छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि पाव चमचा मीठ एकत्र चाळून घ्यायचं. १०० ग्रॅम मऊ लोणी आणि १५० ग्रॅम साखर फिकट होईपर्यंत फेटायची, मग २ अंडी एकेक करून, थोडा व्हॅनिला, आणि १८० ग्रॅम सावर क्रीम. सावर क्रीम नसेल तर पाणी निथळलेलं घट्ट दही चालतं, पातळ दही नको. त्यातलं आंबट सोड्याला जागं करतं आणि केक ओलसर राहतो. मैदा घातल्यावर फेटणं बंद, हलक्या हाताने फक्त मिसळा. जास्त घोटलं की मैद्यातलं ग्लुटेन चिवट होतं आणि केक रबरासारखा लागतो.

चुऱ्यासाठी १०० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम ब्राउन शुगर, दीड चमचा दालचिनी, चिमूटभर मीठ आणि ६५ ग्रॅम लोणी. हे लोणी फ्रिजमधून काढलेलं, गारच हवं. बोटांच्या टोकांनी चोळा, तळहाताने नाही, कारण तळहाताच्या उबेने ते वितळतं. नंतर मुठीत दाबून गोळे करा आणि ते मोडा. काही तुकडे वाटाण्याएवढे राहिले पाहिजेत. अगदी बारीक चुरा मिश्रणात विरघळून जातो. मिश्रण तयार होईपर्यंत हा चुरा फ्रीझरमध्ये ठेवा. अर्धं मिश्रण पसरून त्यावर थोडी ब्राउन शुगर आणि दालचिनी भुरभुरवली, मग उरलेलं मिश्रण आणि सगळ्यात वर चुरा, की कापल्यावर मधोमध सुंदर तपकिरी रेघ दिसते. ही रेघ मला चुऱ्याइतकीच प्रिय आहे.

१८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. पहिली ३० मिनिटं ओव्हनचं दार उघडू नका. सुई घालून बघताना एक लक्षात ठेवा: मधल्या थरातली वितळलेली साखर सुईला चिकटते आणि केक कच्चा आहे असं वाटतं. दोन-तीन ठिकाणी टोचून बघा. चिकटलेलं पांढरट, पिठाळ असेल तरच अजून भाजा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी साधारण ९६ अंश दिसले की काढा.

राहिला पहाटेचा प्रश्न. रात्री मिश्रण कालवून सकाळी भाजायचा मोह टाळा. सोडा आंबट दह्यात ओला होताच काम सुरू करतो, सकाळपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो. ताजाच हवा असेल तर रात्री कोरडं साहित्य चाळून ठेवा, चुरा फ्रीझरमध्ये घाला, फेटायचं लोणी बाहेर काढून झोपा. तरीही उठल्यापासून ताटलीत येईपर्यंत दीड तास धरा, कारण भाजल्यावर २० मिनिटं तरी निवू द्यावा लागतो.

मी स्वतः रात्रीच भाजते. दालचिनी रात्रभरात मुरते आणि दुसऱ्या दिवशी मला तो जास्त चांगला लागतो. मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय झाकू नका, वाफेने चुरा लिबलिबीत होतो. सकाळी १५० अंशांवर १० मिनिटं ठेवला की वरचा थर पुन्हा कुरकुरीत. मायक्रोवेव्हमध्ये केक गरम होतो पण चुरा मऊ पडतो, आणि मग एवढी मेहनत वाया जाते. उरलेल्या वड्या एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवल्या तर आणखी काही नाश्ते निघतात. त्या तशाच गोठलेल्या ओव्हनमध्ये घाला, फक्त वेळ दुप्पट द्या.