१९५० च्या विश्वचषकातून भारताला अनवाणी खेळतो म्हणून काढलं होतं का?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: बूट घालायला नकार दिला म्हणून फिफाने १९५० साली भारताला फुटबॉल विश्वचषकातून बाहेर काढलं हे खरं का, आणि त्यानंतर आपण एकदाही तिथवर का पोचलो नाही?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. काढलं नाही, आपणच गेलो नाही. दुसऱ्याचं उत्तर लांबतं, कारण तिथे दोष द्यायला कुणी परका सापडत नाही.

मी वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात पोरांना खेळ शिकवतो. ही अनवाणीची कथा दरवर्षी एखादा पोट्टा घेऊन येतोच. “सर, बूट नव्हते म्हून हाकललं ना आपल्याले?” ती कथा पोरांना भावते, यात नवल नाही. कपाशी निघालेल्या वावरात पऱ्हाटीची खुंटं चुकवत आमची निम्मी पोरं आजही अनवाणीच खेळतात. गोऱ्या साहेबाने आपल्याला पायावरून नाकारलं, हे ऐकून चीड येते आणि थोडं बरंही वाटतं. पण घडलं वेगळंच.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपला संघ खरंच बहुतेक अनवाणी खेळला. कर्णधार होते नागालँडचे तालिमेरेन आओ, पेशाने पुढे डॉक्टर. फ्रान्सविरुद्ध १–२ असे हरलो, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. आपला एकमेव गोल सारंगपाणी रामन यांचा. थोडक्यात, त्या काळी अनवाणी संघ जागतिक स्पर्धेत उतरत होता आणि कुणी अडवत नव्हतं.

दोन वर्षांनी ब्राझीलच्या विश्वचषकासाठी आपल्या गटातले ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपीन्स यांनी माघार घेतली. त्यामुळे एकही सामना न खेळता आपण पात्र ठरलो. सोडत निघाली, इटली, स्वीडन आणि पॅराग्वेसोबत आपलं नावही पडलं, आणि मग आपल्या फुटबॉल महासंघाने कळवलं की येत नाही. संघनिवडीवरून मतभेद आणि सरावाला वेळ नाही, अशी कारणं दिली गेली. बोटीचा लांबचा प्रवास आणि खर्च हेही होतंच, पण खर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझीलवाले तयार होते. खरी गोष्ट ही की त्या वेळी आपल्याकडे विश्वचषकाला कुणी फारशी किंमतच देत नव्हतं. ऑलिम्पिक म्हणजे सगळं काही. त्या संघाचे कर्णधार झाले असते ते शैलेन मन्ना. त्यांनीही पुढे बुटांची गोष्ट खोटी असल्याचं सांगितलं होतं.

मग बूट कधी आले? १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये. थंडीत, ओल्या मैदानावर युगोस्लाव्हियाने आपल्याला १०–१ असं धुतलं, आणि त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे बूट घालायला लावले ते फिफाने नव्हे, त्या दहा गोलांनी.

आता दुसरा भाग. माझं मत विचाराल तर १९५० ची हुकलेली संधी हे मोठं दुःख नाहीच. गेलो असतो तर दोन-तीन सामने खेळून परतलो असतो. खरी हळहळ वाटावी असा काळ त्यानंतरचा आहे, कारण तेव्हा आपण खरोखर चांगले होतो आणि ते टिकवता आलं नाही.

१९५१ ला दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आपण जिंकलं. अंतिम सामन्यात इराणवर १–० अशी मात, गोल मेवालाल यांचा. १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. हा चौथा क्रमांक सगळे छाती फुगवून सांगतात. मी पोरांना त्याच्या मागचंही सांगतो: स्पर्धेत संघ होते अकरा, आणि पहिल्या फेरीत हंगेरी आलाच नाही, म्हणून आपण न खेळता पुढे गेलो. पण पुढच्या सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असं हरवलं, त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच होता; नंतर ४–१ असे हरलो. चार वर्षांपूर्वी १०–१ झालेला हाच प्रतिस्पर्धी, हे लक्षात घ्या. १९६० ला रोममध्ये पी. के. बॅनर्जी यांच्या गोलामुळे फ्रान्सशी १–१ बरोबरी केली. त्यानंतर आपला पुरुष संघ आजवर ऑलिम्पिकला गेलेला नाही.

या सगळ्यामागे एक माणूस होता, संघाचे प्रशिक्षक, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. शिक्षकी पेशातले, म्हणून आम्हा खेळाच्या मास्तरांना जरा जास्तच जवळचे. त्यांचं शिखर म्हणजे १९६२ ची जकार्ताची आशियाई स्पर्धा. तिथे इस्रायल आणि तैवान यांना प्रवेश नाकारल्यावर भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, त्यामुळे अख्खं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं. गटात दक्षिण कोरियाने आपल्याला २–० हरवलं होतं. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्यांना बसवलं नाही, पुढच्या फळीत नेलं! अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर. एक गोल बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल यांचा, २–१, सुवर्णपदक. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, रहीम कर्करोगाने गेले.

त्यानंतर १९६४ च्या आशियाई चषकात उपविजेते (संघ चारच होते, अनेकांनी माघार घेतली होती), १९७० ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत जपानला १–० हरवून कांस्य, आणि मग घसरण.

जपानचंच बघा. १९६२ मध्ये आपण त्यांना २–० हरवलं. १९६५ मध्ये त्यांनी कंपन्यांच्या संघांची देशभराची लीग सुरू केली आणि १९६८ ला ऑलिम्पिकचं कांस्य नेलं. आपली राष्ट्रीय लीग आली १९९६ मध्ये. जगात सामना ९० मिनिटांचा असताना आपल्या देशी स्पर्धा कित्येक वर्षं ७० मिनिटांवर चालल्या. मग शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होणारच. बैलाला अर्ध्या धुऱ्यापर्यंतच नांगरायची सवय लावली तर तो तिथेच थांबतो. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला आपला पहिला सामना १९८५ साली झाला. १९५० नंतर पस्तीस वर्षं! बुटांच्या गोष्टीत हे पस्तीस वर्षांचं भगदाड कुणी सांगत नाही.

अलीकडचं पटकन सांगतो. आशियाई चषकाला १९८४, २०११, २०१९ आणि २०२३ ला गेलो. २०१९ मध्ये थायलंडला ४–१ हरवलं, बाकी हातात फार काही नाही. २०२३ ची स्पर्धा जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्ये झाली, तिथे तीन सामन्यांत एकही गोल नाही. दक्षिण आशियाच्या सॅफ स्पर्धा मात्र नऊ वेळा जिंकल्या, म्हणजे गल्लीत आपला दबदबा आहे. २०२६ चा विश्वचषक ४८ संघांचा केला, आशियाला थेट आठ जागा मिळाल्या, तरी आपण पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतच अडलो. कतारविरुद्धच्या सामन्यात चेंडू रेषेबाहेर गेल्यानंतरही त्यांना दिलेला गोल अन्यायच होता, पण त्याआधी गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १–२ हरलो ते कुणामुळे? २०२७ च्या आशियाई चषकाची वाटही घरच्या मैदानावर सिंगापूरकडून हरून बंद झाली.

तालुका पातळीच्या सुब्रतो कपला, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेला, आम्ही संघ उतरवतो. पुढे विभागाला नागपूरजवळच्या कामठीच्या पोट्ट्यांशी गाठ पडली की खेळ आटोपतो, कारण तिथे लष्करी छावणीच्या काळापासून फुटबॉल आहे आणि पोरं रोज खेळतात. आमच्याकडे पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात येतात. आठवडी बाजारात मेस्सीची जर्सी मिळते, फुटबॉल मिळत नाही.

“एकदाही नाही” हे तुमचं वाक्य मात्र थोडं दुरुस्त करा. २०१७ मध्ये यजमान म्हणून आपण १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात खेळलो, आणि दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला. शिवाय महिला संघ आशियाई चषकात दोनदा उपविजेता होता. २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २–१ हरवून तो २०२६ च्या आशियाई चषकाला पात्र ठरला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पुरुषांचे स्कोअर पाठ असतील, तर हाही एक पाठ करा.