नागपूरच्या थंडीत घोड्याला झूल किती जाड हवी?

प्रश्न : मी कळमेश्वर तालुक्यातला संत्रा बागायतदार आहे. यंदा सारंगखेड्याच्या यात्रेतून चार वर्षांची काठियावाडी घोडी आणली. बागेतच पत्र्याच्या शेडमध्ये बांधतो. पहाटे भारी गारठा असतो, घोडीच्या अंगावरचे केस ताठ उभे राहिलेले दिसतात. मोबाइलवर झुली पाहिल्या तर १०० ग्रॅम, २०० ग्रॅम, ३०० ग्रॅम, वॉटरप्रूफ, मानेपर्यंतची असे दहा प्रकार निघाले. यातली कोणती घ्यावी?

उत्तर : भाऊ, ३०० ग्रॅमची तर मुळीच घेऊ नका. २०० ची पण नको. तुमच्या घोडीला झूल लागतेच का, हे आधी बघू. लागलीच तर बिनभरावाची, म्हणजे जाहिरातीत जिला शून्य ग्रॅम म्हणतात ती, किंवा फार तर १०० ग्रॅमची पुरे.

हा ग्रॅमचा आकडा झुलीच्या वजनाचा नाही. आतल्या कापसासारख्या भरावाचा आहे, दर चौरस मीटरला किती ग्रॅम भरलाय त्याचा. ३०० ग्रॅमचा माल जिथे रात्रभर पारा शून्याखाली असतो आणि दिवसाही ऊन लागत नाही, अशा मुलखासाठी काढलेला असतो. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सरासरी १२-१३ अंशांच्या आसपास राहतं. २९ डिसेंबर २०१८ ला ते ३.५ अंशांवर आलं होतं, हा शहरातला नीचांक. पण त्या दिवसांतही खरा कडाका पहाटेच्या काही तासांचाच होता. तब्येतीनं चांगला, अंग कोरडं, पोट भरलेलं आणि वाऱ्याच्या आड असलेला मोठा घोडा साधारण ५ अंशांपर्यंत आपली ऊब आपणच राखतो.

केस उभे राहतात म्हणून तुम्ही घाबरलात. ते तर चांगलं लक्षण. उभ्या केसांमध्ये हवा अडकते आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. यावर पातळ, जड, ओलसर काहीतरी टाकलं की केस चपटे होतात, ती हवा निघून जाते आणि घोड्याला होती त्यापेक्षा जास्त थंडी वाजते. म्हणून अर्धवट झूल ही बिनझुलीपेक्षा वाईट. घालायची तर नीट घाला, नाहीतर राहू द्या.

आपल्याकडची खरी अडचण रात्रीची नाही, सकाळी दहाची आहे. पहाटे १० अंश आणि दुपारी २८-२९ अंश, असा आपला हिवाळा. अंबिया बहराच्या संत्र्यांची तोड सुरू असली की सकाळी मजूर, क्रेट, गाडी यांतच तुमचा वेळ जाणार आणि घोडीच्या अंगावरची झूल दुपारपर्यंत तशीच राहणार. आत घाम येतो. झूल आतून भिजते. संध्याकाळी गार वारा सुटला की तीच ओली झूल पाठीला चिकटते. दवाखान्यात हिवाळ्यात येणाऱ्या घोड्यांच्या पाठीवर केस झडलेले, खपल्या धरलेले चट्टे दिसतात, त्यांत बऱ्याच वेळा कारण हेच असतं. घोडं गारठल्यानं जेवढं बिघडतं त्यापेक्षा मायेनं उकडल्यानं जास्त बिघडतं. सकाळी सूर्य वर आला की झूल कोण काढणार, हे घरात आधी ठरवा. ठरत नसेल तर झूल घेऊच नका.

आता एक काम करा. ज्यांच्याकडून घोडी घेतली त्यांना फोन लावून विचारा, मागचा महिनाभर रात्री झूल घालत होते का? बाजाराच्या आधी घोड्याची कांती तकतकीत दिसावी म्हणून कित्येक व्यापारी जनावर झुलीखाली आणि बंद पागेत ठेवतात. अशा घोडीला हिवाळी केस फारसे आलेले नसतात. आणि एकदम उघड्या शेडमध्ये बांधली तर तिला खरंच गारठा लागतो. तिला या हंगामापुरती हलकी झूल द्या. पुढच्या वर्षी भाद्रपद-आश्विनापासून उघड्यावर राहू दिली तर दिवस लहान होतील तसे केस आपोआप येतील. केसांचं हे चक्र मुख्यतः उजेडाच्या तासांवर चालतं, गारठ्यावर कमी. खरारा करताना बोटं केसांत खुपसून बघा. बाहेरच्या लांब केसांच्या खाली मऊ, दाट लव लागली तर तुमची घोडी तयार आहे. नुसते आखूड, गुळगुळीत केस लागले तर झूल लागेल.

याशिवाय झूल कोणाला लागते? म्हाताऱ्या घोड्याला, बरगड्या दिसणाऱ्याला, आजारातून उठलेल्याला, यंत्रानं केस कापलेल्याला आणि लहान शिंगराला. शिवाय अवकाळी पावसात कोणालाही. विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस आणि गारपीट नवी नाही. कोरड्या गारठ्याला घोडं दाद देत नाही, पण अंग भिजलं आणि वर वारा लागला की सगळ्या केसांचा उपयोग संपतो. म्हणून माझं मत विचाराल तर पैसे एकाच झुलीवर घालायचे असतील तर बिनभरावाची, वॉटरप्रूफ आणि वाफ बाहेर जाऊ देणारी घ्या. जाहिरातीत ‘ब्रीदेबल’ लिहिलेलं असतं ते हेच. प्लास्टिकची ताडपत्री शिवून केलेली नको, तिच्याखाली घोडं शिजतं. कापडाची ताकद डेनियरमध्ये लिहितात. शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या शांत घोडीला ६०० डेनियर चालतं. कुंपणाला अंग घासायची सवय असेल तर १२०० बघा. मानेपर्यंतची आपल्याकडे नको, आयाळ घासली जाते.

माप घेताना घोडी सपाट जागी सरळ उभी करा. छातीच्या मधोमध टेप धरा, खांद्यावरून कुशीला धरून सरळ मागे न्या आणि मांडीच्या मागच्या कडेला, शेपटीच्या रेषेत संपवा. झुलीचं माप हेच. व्यापारी घोड्याची उंची इंचात सांगतात. ‘६० इंची घोडी’ म्हणजे जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंतची उंची. तो आकडा झुलीसाठी दिला की हमखास झूल तोकडी येते. कानपूर हे खोगीर-लगामाच्या मालाचं जुनं केंद्र आहे, तिकडून मागवली तरी हेच माप सांगा.

झूल चढवल्यावर तीन जागी हात घालून बघा. गळ्याशी तळहात सहज आत गेला पाहिजे. खांद्याच्या उंचवट्यावर कापड ताणलेलं नको, तिथंच ते सर्वांत जास्त घासतं. आणि पोटाखालच्या पट्ट्यात पंजा उभा मावला पाहिजे, त्याहून ढिला नको, नाहीतर बसताना-उठताना मागचा पाय अडकतो. खांद्यावरचे केस गेलेले दिसले की त्या दिवसापासून ती झूल बंद. घासून जखम झालेल्या जागी पुढे पांढरे केस येतात, आणि काळ्या किंवा कुमेत (लालसर तपकिरी) घोडीच्या पाठीवरचे पांढरे ठिपके बघून गिऱ्हाईक किंमत पाडतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

नवी घोडी आहे, तेव्हा पहिल्यांदा झूल घालताना एकानं मोहरकी (तोंडाला बांधलेली दोरी) धरावी. आधी झूल हुंगू द्या. घडी करून खांद्यावर ठेवा आणि केसांच्या दिशेनं मागे सरकवत उलगडा. पुढून मागे सरकवली तर केस बसतात, मागून पुढे ओढली तर उलटतात आणि रात्रभर टोचतात. काढताना मागच्या पायाचे पट्टे आधी सोडा. ते अडकलेले असताना घोडी बिचकली तर झूल पायात येते आणि मग तुम्हालाही सांभाळणं अवघड.

थंडी वाजते का हे कानाला हात लावून कळत नाही, कान गारच असतात. झुलीखाली खांद्यामागे हात घाला. कोमट आणि कोरडं लागलं तर बरोबर. दमट लागलं तर लगेच काढा.

झुलीच्या आधी चारा, हे मात्र विसरू नका. घोड्याची भट्टी पोटात आहे. वाळलेला चारा मोठ्या आतड्यात कुजतो तेव्हा जी उष्णता निघते, ती कुठल्याही भरावापेक्षा जास्त कामाची. ३५० किलोच्या घोडीला दिवसाला साधारण ७ किलो कोरडं गवत किंवा ज्वारीचा कडबा लागतो, त्यातला मोठा हिस्सा रात्री टाका. थंडी आहे म्हणून चणे-दाणा एकदम वाढवू नका, त्यानं पोट बिघडतं आणि खुरंही धरतात. घोडी नवी आहे, तिचा पूर्वीचा चारा कोणता होता विचारून तो आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. गार पाणी घोडी कमी पिते, कोरडा चारा आतड्यात अडकतो आणि पोटशूळ होतो. हिवाळ्यातले पोटशूळ बरेचसे असेच. पहाटेचं टाकीतलं बर्फासारखं पाणी देण्यापेक्षा विहिरीचं ताजं द्या, ते तेवढं गार नसतं.

शेडच्या उत्तरेकडून गोणपाट किंवा ताडपत्री लावा, पण वरचा हातभर भाग उघडा ठेवा. चारी बाजू बंद केल्या तर मुताचा वास कोंडतो आणि घोडी खोकायला लागते. शेडमध्ये शेकोटी तर अजिबात नको. खाली तणस अंथरा, मौदा-रामटेककडून भातकापणीनंतर मिळते. मात्र चारा कमी पडला तर घोडी अंथरूणच खाते.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नाही पण मला महत्त्वाची वाटते. नव्या घोडीचं अंग थरथरलं की लोक झूल टाकतात. आधी थर्मामीटर लावा. घोड्याचं तापमान ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. त्याहून वर गेलं तर ती थंडी नाही, ताप आहे. ताप येऊन-जाऊन राहत असेल, घोडी खाऊनही वाळत असेल, पोटाखाली किंवा पायावर सूज असेल तर सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग असू शकतो. मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे तो पसरतो. नाकातून घट्ट शेंबूड आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची शंका धरा. तो माणसालाही होतो आणि कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. यात्रेतून आणलेलं जनावर दोन-तीन आठवडे बाकीच्या घोड्यांपासून वेगळं बांधा, त्याचं पाणी-दाण्याचं भांडं वेगळं ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ततपासणी करून घ्या. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथेही नेता येईल.

प्रश्न : माझ्याकडे लग्नाच्या वरातीच्या दोन घोड्या आहेत. रात्री अकराला परत येतात तेव्हा घामानं न्हालेल्या असतात. लगेच झूल टाकली तर चालेल का? (उमरेड रोड)

उत्तर : नाही. ओल्या अंगावर जाड झूल म्हणजे घाम आत कोंडणं. आधी वरातीचा साज उतरवा, त्याच्याखालचा घाम कोरड्या पोत्यानं किंवा जुन्या टॉवेलनं पुसा. मग दहा-पंधरा मिनिटं हातात धरून हळू फिरवा. श्वास शांत झाला आणि छातीवरचा घाम उतरला की थोडं-थोडं पाणी द्या. या वेळेला वरून जाळीदार किंवा पातळ सुती कापड टाकलं तर वारा लागत नाही आणि वाफही निघून जाते. अंग पूर्ण कोरडं झाल्यावर, तेही घोडी केसानं आखूड असेल तरच, रात्रीची झूल. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम जोरात असतो आणि रोजच हे होतं, म्हणून दोन सुती कापडं ठेवा. एक रोज वाळत पडलेलं असलं पाहिजे. साजाच्या जरीची झूल ही झूल नाही, ती रात्री अंगावर ठेवू नका.

प्रश्न : बैलाची जुनी झूल किंवा गोणपाट शिवून घोड्याला घातलं तर? (काटोल)

उत्तर : कोरड्या थंडीत, एखाद्या रात्रीपुरतं गोणपाट चालतं, त्यातून वाफ जाते. पण ते पावसात भिजलं की जड होऊन अंगाला चिकटतं. खताचं किंवा कीटकनाशकाचं पोतं अजिबात नको. बैलाची झूल वशिंडाच्या मापानं शिवलेली असते, घोड्याच्या पाठीवर ती मागे सरकते आणि पायात येते. दुसऱ्याच्या घोड्याची वापरलेली झूल घेतली तर गजकर्ण आणि खरूज फुकट मिळते. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात दोन-तीन दिवस उलटसुलट वाळवल्याशिवाय वापरू नका.

प्रश्न : झूल कधी बंद करावी? (हिंगणा)

उत्तर : घोडा स्वतःच सांगतो. संक्रांतीनंतर दिवस मोठा व्हायला लागला की खराऱ्यात केसांचे पुंजके येऊ लागतात, म्हणजे हिवाळी अंगरखा उतरतोय. तेव्हापासून रात्रीचीही झूल कमी करा, नाहीतर गळणारे केस आत गोळा होऊन खाज सुटते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नागपुरात भरावाची झूल गुंडाळायला हरकत नाही. पावसाची बिनभरावाची मात्र शेडच्या खुंटीवर राहू द्या, गारपिटीचा भरवसा नाही. धुताना कपड्याच्या पावडरचा जोर नको, साधा साबण आणि भरपूर पाणी. पट्ट्यांच्या कड्या सुकवून तेलाचं बोट फिरवा, कडुनिंबाचा पाला घालून उंदीर न पोचेल अशा जागी टांगा.