लक्ष जातं की लक्ष देतो?

विचारणा अशी आहे: मानसशास्त्रावरच्या लेखात ‘दृश्य अवधान’ लिहावं की ‘लक्ष’? आणि लक्ष असलं की दिसलेलं लवकर उमगतं, हे मराठीत नेमकं कसं मांडावं?

‘दृश्य अवधान’ नको. त्याचा अर्थ ‘दिसणारं अवधान’ असा होतो आणि हे तर बाहेरून दिसतच नाही. संज्ञाच हवी असेल तर ‘दृक्-श्राव्य’च्या चालीवर ‘दृक्-अवधान’ करावी. ‘अवधान’ ज्ञानेश्वरीइतकं जुनं, पण रोजच्या बोलण्यात आज बहुधा ‘अनवधानाने’मध्येच भेटतं. वाक्यात ‘लक्ष’च लिहा.

नजर आणि लक्ष यांतला भेद मराठीत पक्का आहे. ‘डोळे पुस्तकात, लक्ष खिडकीबाहेर’ हे कोणालाही समजतं. मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नर यांच्या 1980 च्या प्रसिद्ध लेखातले प्रयोग याच भेदावर उभे आहेत. नजर पडद्याच्या मधोमध खिळलेली. तिथे बाण उमटतो, मग डावीकडे किंवा उजवीकडे एक खूण; ती दिसताक्षणी कळ दाबायची. बाण बहुतेक वेळा खरं सांगतो. खूण त्याच बाजूला आली तर हात लवकर चालतो. उलट बाजूला आली तर बाण नसतानापेक्षाही उशीर होतो. फरक काही मिलिसेकंदांचाच, पण डोळे जागचे हललेले नसतात.

आता क्रियापद बघा, खरी गंमत तिथे आहे. लक्ष ‘जातं’ आणि लक्ष ‘देतो’. कोपऱ्यात काही चमकलं की लक्ष आपोआप जातं: साधारण 100 मिलिसेकंदांत ते शिखर गाठतं आणि लगेच ओसरतं. बाणाचा अर्थ लावून ते द्यायचं तर 300 च्या आसपास लागतात, मात्र मग टिकवता येतं. संशोधक ज्यासाठी दोन जड संज्ञा वापरतात ते आपल्याकडे दोन साध्या क्रियापदांत आहे.

एक सावधगिरी. कळ लवकर दाबली म्हणजे लवकर उमगलंच असं नाही. हात आधीच तयार असू शकतो. म्हणून मारिसा कॅरास्को आणि ब्रायन मॅकएल्री या संशोधकांनी 2001 मध्ये उत्तराची वेळ स्वतः ठरवली: ध्वनी वाजला की काय दिसलं ते सांगायचंच, कधी लगेच तर कधी थोड्या वेळाने. लक्ष असलेल्या जागी दिसलेलं अधिक अचूक ओळखलं गेलं आणि माहिती जमण्याचा वेगही वाढला. तेव्हा ‘लक्ष दिल्याने दृश्य माहितीवरची प्रक्रिया वेगाने होते’ असं बिनधास्त लिहा. ‘नजर वेगवान होते’ असं मात्र नको.

आणि त्या खुणेला ‘लक्ष्य’ म्हणणार असाल तर ‘य’ जपा. ‘लक्ष्यावर लक्ष’मधला तो गळला की वाक्य वाचकाच्या हाती लागत नाही.