लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिल्याने कारभार खरंच सुधारतो का?

"अडाणी लोक निवडून येतात, त्यांना आधी शिकवायला हवं" असं या प्रश्नावर बरेच जण म्हणतात. हेच वाक्य मी आमच्या घरात कित्येक वर्षं ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

2017 ते 2022 मी सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका गावची सरपंच होते. थेट निवडून आलेली, महिला राखीव जागेवर. प्रशिक्षण झालं, पण निवडून आल्यावर सात महिन्यांनी. तोवर "मॅडम, इथं सही" याची हाताला सवय लागून गेली होती.

तीन दिवस तालुक्याला. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन आणि सत्कार यातच साडेबारा वाजले. आत आम्ही चाळीसेक बायका आणि बाहेर टपरीवर जवळजवळ तितकेच नवरे. दोघींची हजेरी तर नवऱ्यांनीच मांडली. पडद्यावर 17 शाश्वत विकास ध्येयं सरकत होती. मी उठून विचारलं, "सर, नमुना 5, म्हणजे ग्रामपंचायतीची रोकडवही, कशी वाचायची तेवढं दाखवा." सर हसले. "ताई, ते ग्रामसेवक बघतात. तुम्ही गावाचं व्हिजन ठेवा." पुरी-भाजी, जिलेबी आणि प्रमाणपत्र घेऊन घरी आले.

मला रोकडवही शिकवली ती आमच्या मागच्या गल्लीतल्या अप्पांनी, म्हणजे एका निवृत्त ग्रामसेवकांनी. चार संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसलो. ते म्हणाले, कायदा नंतर, आधी पावतीपुस्तक आण. नमुना 10 च्या, म्हणजे कराच्या पावत्यांच्या, स्थळप्रतींवरून एका महिन्याच्या पाणीपट्टीची मला बोटांवर मोजत बेरीज करायला लावली. मग तोच आकडा 5क मध्ये, म्हणजे दैनिक रोकडवहीत, शोधायचा आणि शेवटी बँकेच्या पासबुकात. पासबुकात 11,400 रुपये कमी निघाले. मी तीनदा बेरीज केली. मला वाटलं माझंच चुकतंय, सातवीनंतर गणिताशी माझं कधी जमलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही वह्या टेबलावर उघड्या ठेवल्या. ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला तरास करून घेलालाव?" मग म्हणाले वसुली शिपायाकडे आहे. शिपाई म्हणाला भरायला जायचं राहून गेलं. आठ दिवसांत पैसे बँकेत जमा झाले. ग्रामसभेत मी हा विषय काढला नाही, त्यावरून अजून काही जण मला बोलतात. बोलू देत. त्यानंतर दर सोमवारी पावतीपुस्तक न मागता माझ्या टेबलावर यायला लागलं. पुढे डिजिटल सही आली, तेव्हा त्या सहीचं माझं डोंगल (संगणकाला लावायचं पेनड्राइव्हसारखं उपकरण) संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये पडून असायचं. ते पर्समध्ये घालून घरी आणायची अक्कलही त्या ओसरीवरचीच.

तर उत्तर असं, की सुधारतो, पण आपलं दप्तर समोर ठेवून शिकवलं तरच. आणि सरपंच व ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) एकाच बाकावर बसवून. वेगवेगळं बसवलं की एकाला व्हिजन मिळतं आणि दुसऱ्याला चाव्या. केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला (2021 ते 2026) 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. असलं ज्या सरपंचाला कळत नाही तो रस्त्याचं आश्वासन देऊन बसतो आणि मग पाच वर्षं शिव्या खातो. आमदारांसाठी विधिमंडळाचं वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथंही माझं म्हणणं तेच, भाषणं कमी करा आणि अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडा. खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवरच्या चर्चेची वेळ संपली की कोट्यवधींच्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात, तेव्हा कपात सूचना, म्हणजे मागणी कमी करा असा प्रस्ताव, कुठे लावायची हे आधीच माहीत असावं लागतं.

आणि अधिकारी? आयएएस अधिकाऱ्यांना मसुरीची अकादमी आहे, पुण्यात यशदा ही राज्याची प्रशिक्षण संस्था आहे, 2020 पासून केंद्राचं मिशन कर्मयोगी आहे, मोबाईलवर कोर्स करता येतात. त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही. पण बदली होऊन नव्या तालुक्यात आलेला साहेब तालुका शिकतो तो आपल्या लिपिकाकडूनच, आणि लिपिक दाखवेल तेवढाच.

एक मात्र सांगायला हवं. आमचे ग्रामसेवक चोर नव्हते. त्यांच्याकडे दोन गावं होती आणि आठवड्यातला एक दिवस पंचायत समितीच्या बैठकीत जायचा. आणि अप्पांना मी विचारलं होतं, "तुम्ही नोकरीत असताना तुमच्या सरपंचाला हे सगळं दाखवत होता का?" अप्पा नुसते हसले आणि पानाचा डबा उघडला. वह्या वाचता आल्या म्हणून आमचा ओढ्यावरचा पूल झाला असंही नाही. तो अजून झालेला नाही.

सुरुवातीचं ते "अडाणी लोक निवडून येतात" हे वाक्य माझ्या दिरांचं. पंचायत खात्यातूनच अधिकारी म्हणून निवृत्त झाले, सोलापुरात बंगला आहे, हॉलमध्ये पुण्याच्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलीत. गेल्या दिवाळीत फराळाला बसल्यावर परत तेच सुरू झालं, लोकप्रतिनिधींना काही कळत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, नमुना 9 मधली कराची मागणी आणि नमुना 10 च्या पावत्या यांचा मेळ तुम्ही तपासणीला गेल्यावर कसा घालत होता, जरा सांगा की."

त्यांनी चकलीचा तुकडा मोडला. "ते आमचा लिपिक बघायचा."