आया सोफिया पाहताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

इस्तंबूलची आया सोफिया ही वास्तू इसवी सन ५३७ पासून चर्च होती, १४५३ पासून मशीद झाली, १९३५ पासून संग्रहालय म्हणून खुली राहिली आणि २०२० पासून ती पुन्हा मशीद आहे. तिच्याविषयी वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. जर्मनीतील मुलीकडे जाताना वाटेत इस्तंबूलला मुक्काम करण्याचा विचार आहे. आया सोफियामध्ये इतर धर्मीयांना आता सोडत नाहीत असे कोणी सांगते, तर शुल्क फार असल्याने ती बाहेरूनच पाहावी असा सल्ला कोणी देते. पत्नीला गुडघेदुखी आहे. आम्ही काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आत अवश्य जावे. इतर धर्मीयांना बंदी नाही, मात्र जानेवारी २०२४ पासून प्रवेशाची पद्धत बदलली आहे. तळमजला उपासनेसाठी राखलेला असून परदेशी पर्यटकांना वेगळ्या दाराने वरच्या सज्जात नेले जाते. ही पद्धत सुरू झाली तेव्हा प्रत्येकी २५ युरो शुल्क ठरले होते. निघण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा. दोघांचे मिळून हे पैसे थोडे नाहीत. तरीही एवढ्या दूर जाऊन ही वास्तू बाहेरूनच पाहणे मला पटत नाही, कारण बाहेरून दिसतात त्या प्रामुख्याने आधाराच्या जाडजूड भिंती, आणि तिचे खरे वैभव आत शिरल्यावरच कळते.

तळमजल्यावर उभे राहून वर पाहण्याचा अनुभव आता पर्यटकाला मिळत नाही, ही मोठी उणीव आहे. मात्र उत्तम मोझेक चित्रांपैकी कितीतरी सज्जातच आहेत. सज्जाच्या दक्षिण भागातील ‘डीसिस’ हे चित्र मी सर्वांत आधी पाहीन. मध्ये येशू ख्रिस्त, एका बाजूला पवित्र मारिया आणि दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा देणारा योहान अशी तिघांची ही रचना आहे. खालचा बराचसा भाग नष्ट झाला असला, तरी काचेच्या आणि दगडाच्या बारीक तुकड्यांतून साधलेली चेहऱ्यांवरची छायाप्रकाशाची छटा इतकी मृदू आहे, की हे कुंचल्याचे काम नव्हे हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. हे काम साधारणपणे तेराव्या शतकातील मानले जाते. तेथून पुढे सम्राज्ञी झोई आणि तिचा पती नववा कॉन्स्टंटाइन यांचे अकराव्या शतकातील चित्र आहे. त्यातील चेहरे नंतर बदललेले आहेत आणि झोईचा पती बदलला तसा चित्रातील सम्राटही बदलला असे अभ्यासक मानतात. शेजारीच बाराव्या शतकातील सम्राट दुसरा जॉन कोम्नेनोस व सम्राज्ञी आयरीन आहेत. सज्जाच्या संगमरवरी कठड्यावर कोणा नॉर्डिक माणसाने कोरलेली रूनिक, म्हणजे उत्तर युरोपातील जुन्या लिपीतील, अक्षरेही दिसतात, पण त्यांतील ‘हाफदान’ या नावापलीकडचे फारसे आता वाचता येत नाही.

गुडघ्यांविषयी सांगायचे, तर सज्जात जाण्याचा जुना मार्ग पायऱ्यांचा नसून वळणावळणाने चढत जाणाऱ्या फरसबंद उताराचा आहे. दगड झिजून ओबडधोबड झाले आहेत, म्हणून पकड असलेली पादत्राणे आणि हातात काठी असावी. सकाळी दार उघडतानाच पोहोचलात तर रांग कमी लागते आणि चढताना मागून येणाऱ्यांची घाई सोसावी लागत नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. स्त्रियांनी डोके झाकणे आवश्यक असते, त्यामुळे ओढणी किंवा स्कार्फ जवळ ठेवावा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे दोघांनीही घालावेत. किमान दोन तास मोकळे ठेवावेत. सहल कंपन्या येथे बहुधा तासाभराहून कमी वेळ देतात, तेव्हा आपण स्वतंत्रपणे जाणार आहात हे चांगलेच आहे.

प्रश्न : आमचे कुटुंब कॅथलिक आहे. जे सुमारे नऊ शतके चर्च होते, तेथे आम्ही तिकीट काढून पर्यटक म्हणून जावे आणि आम्हाला तेथे प्रार्थनाही करता येऊ नये, याचे वाईट वाटते. तुर्कांनी आतील सारी ख्रिस्ती चित्रे नष्ट केली हे खरे आहे का? अशा ठिकाणी आम्ही कोणत्या भावनेने जावे? (एक वाचक, वसई)

उत्तर : आपले वाईट वाटणे मी समजू शकतो. जुलै २०२० मध्ये तुर्कस्तानच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १९३४ चा संग्रहालयाचा निर्णय रद्द केला आणि २४ जुलैला तेथे शुक्रवारचा नमाज झाला. मधल्या काळात पोप फ्रान्सिस यांनीही या वास्तूचा विचार करताना आपल्याला फार वेदना होतात, असे जाहीरपणे म्हटले होते. संग्रहालयाच्या काळात ही वास्तू कोणत्याही एका उपासनेची नव्हती आणि म्हणून कोणालाही तिच्या मध्यभागी उभे राहता येत होते. ती व्यवस्था मोडायला नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण या वास्तूचा इतिहास ‘आमचे होते, त्यांनी घेतले’ एवढ्यात मावत नाही, आणि कॅथलिक वाचकाला तर हे आवर्जून सांगायला हवे. ही वास्तू ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेची, कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) पॅट्रिआर्कची, म्हणजे तेथील मुख्य धर्मगुरूंची. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील पश्चिमेकडचे ख्रिस्ती सैनिक या शहरात घुसले, त्यांनी शहर लुटले, आया सोफियातील मौल्यवान वस्तूही लुटल्या, आणि १२६१ पर्यंत ही वास्तू रोमन कॅथलिक कॅथेड्रल राहिली. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चवरील प्रसिद्ध ब्राँझचे घोडे त्याच लुटीत कॉन्स्टँटिनोपलहून गेले. त्या मोहिमेतील व्हेनिसचा वृद्ध, अंध प्रमुख एन्रिको दांदोलो १२०५ मध्ये वारला. त्याला येथेच पुरले होते आणि त्याच्या नावाचा, एकोणिसाव्या शतकात बसवलेला दगड सज्जाच्या फरशीत आजही आहे. ‘डीसिस’समोरच तो सापडेल. या लुटीबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००१ मध्ये अथेन्समध्ये ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंसमोर खेद व्यक्त केला.

आता १४५३ विषयी. २९ मे रोजी सुलतान दुसऱ्या मेहमेदचे सैन्य शहरात शिरले, तेव्हा आश्रयाला चर्चमध्ये जमलेल्या लोकांना कैद करून गुलाम करण्यात आले. हे घडले आणि ते झाकण्याचे कारण नाही. त्यानंतर सुलतानाने वास्तू पाडली नाही, तर तिची मशीद केली. क्रूस, घंटा, वेदी काढल्या गेल्या. मोझेक चित्रे मात्र एकदम नष्ट झाली नाहीत. त्यांतील बरीचशी पुढे कित्येक पिढ्या उघडी होती आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चुन्याखाली गेली. १८४७ ते १८४९ मध्ये सुलतान अब्दुलमजीदने बोलावलेल्या स्विस फोसाती बंधूंनी दुरुस्तीच्या वेळी ती उघडून पाहिली, त्यांची रेखाटने केली आणि पुन्हा झाकली. १९३१ पासून थॉमस व्हिटमोर या अमेरिकन अभ्यासकाच्या संस्थेने गिलावा जपून उतरवत ती पुन्हा प्रकाशात आणली. काही चित्रे भूकंपांत आणि पडझडीत कायमची गेली, काहींवर हात पडला, पण आज जे पाहायला मिळते त्यातील बरेचसे त्या चुन्याच्या थराखालीच टिकले.

आपण वसईचे आहात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर तेथील चर्चच्या घंटा भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर मंदिर, वाईजवळचे मेणवली अशा ठिकाणी गेल्या आणि आजही तेथे टांगलेल्या आहेत. किल्ल्यातील चर्चचे उघडे अवशेष आपण लहानपणापासून पाहत आला असाल. एका धर्माच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलेल्या पवित्र वस्तूंकडे हानी न विसरता आणि तरीही शत्रुत्व न धरता कसे पाहायचे, याचा सराव आपल्या भागातील लोकांना आहे. तीच दृष्टी घेऊन आया सोफियात जावे.

मनातल्या मनात प्रार्थना करण्यापासून कोणी अडवत नाही. समूहाने स्तोत्रे म्हणणे मात्र टाळावे. मिस्सेसाठी (सामुदायिक उपासनेसाठी) इस्तिकलाल रस्त्यावरील पादुआच्या संत अँथनीचे कॅथलिक चर्च आहे. पुढे पोप तेविसावे जॉन झालेले आंजेलो रोंकाल्ली १९३५ ते १९४४ या काळात व्हॅटिकनचे प्रतिनिधी म्हणून इस्तंबूलमध्ये होते आणि तेथे प्रवचन देत असत. ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्कचे आसन फेनेर भागातील संत जॉर्जच्या चर्चमध्ये आजही आहे. तेथेही जाऊन यावे, कारण आया सोफियाची उपासना-परंपरा जिवंत स्वरूपात तेथेच भेटते.

प्रश्न : मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी आहे. विजापूरचा गोलघुमट आया सोफियाच्या घुमटापेक्षा मोठा असेल, तर आया सोफियाचे एवढे कौतुक का होते? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आकाराविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. गोलघुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे, आया सोफियाचा सुमारे ३१ मीटर. पण मुहम्मद आदिलशहाची ती कबर सतराव्या शतकातील आहे आणि आया सोफिया तिच्याहून अकराशे वर्षांनी जुनी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्हींतील प्रश्न वेगळे होते. विजापूरला चारही बाजूंना जाड, सलग भिंती आहेत आणि एकमेकींना छेदणाऱ्या कमानी घुमटाचा भार त्या भिंतींवर आणतात. आया सोफियाच्या अँथेमियस आणि इसिडोर या रचनाकारांना घुमटाखाली लांबलचक मोकळे सभागृह हवे होते. त्यांनी चार खांबांवर चार कमानी उभारल्या, कमानींमधील कोपऱ्यांत वाकलेले त्रिकोण वर नेऊन चौरसाचे वर्तुळ केले आणि त्यावर घुमट ठेवला. पूर्वेला व पश्चिमेला अर्धघुमट त्याला रेटा देतात, उत्तर आणि दक्षिण बाजूंना मात्र तसा आधार नाही. घुमटाच्या तळाशी ४० खिडक्यांची माळ आहे. तिच्यातून ऊन आले की घुमट भिंतींपासून सुटल्यासारखा वाटतो. प्रोकोपियस या समकालीन इतिहासकाराने तो आकाशातून सोन्याच्या साखळीने टांगल्यासारखा भासतो असे लिहून ठेवले आहे.

सम्राट जस्टिनियनने हे काम सहा वर्षांच्या आत पुरे करून घेतले आणि त्या घाईची किंमत पुढे मोजावी लागली. पहिला घुमट आजच्यापेक्षा चपटा होता, त्यामुळे त्याचा बाहेरच्या बाजूला रेटा जास्त होता. ५५८ मध्ये तो कोसळला. आधीच्या इसिडोरच्या पुतण्याने, धाकट्या इसिडोरने, तो सुमारे सहा मीटर उंच करून ५६२ पर्यंत पुन्हा बांधला. ९८९ च्या भूकंपात पश्चिमेचा भाग पडला, तो आर्मेनियाच्या त्रदात या वास्तुकाराने दुरुस्त केला; १३४६ मध्ये पूर्वेचा पडला, तोही बांधला गेला. म्हणजे आजचा घुमट सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या शतकांतील तुकड्यांचा आहे, आणि त्याचे वर्तुळही आता काटेकोर राहिलेले नाही. पुढे मशिदीच्या काळात सुलतानांचा प्रमुख वास्तुकार मिमार सिनान याने बाहेरून आधारभिंती भक्कम केल्या आणि फोसाती बंधूंनी घुमटाच्या तळाला लोखंडी साखळीचा वेढा घातला. भूकंपाच्या या प्रदेशात ही वास्तू उभी आहे, ती बांधणाऱ्यांइतकीच ती सांभाळणाऱ्यांमुळे, आणि सांभाळणाऱ्यांत ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही आहेत. मला स्वतःला या वास्तूचे सर्वांत मोठे कौतुक याच गोष्टीचे वाटते. सिनानने तिच्यापासून काय घेतले आणि कोठे वेगळी वाट धरली, हे पाहण्यासाठी त्याच शहरातील त्याने बांधलेली सुलेमानिया मशीद लगेच पाहावी. विजापूरला आपण गेला नसाल, तर आधी तेथे जाऊन त्या छेदणाऱ्या कमानींचे रेखाटन करून घ्यावे. सोलापूरहून ते काही लांब नाही.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी उमराहून परतताना इस्तंबूलला थांबून आया सोफियात नमाज पढू इच्छितो. भिंतींवर माणसांची चित्रे असताना तेथे नमाज कसा होतो? (एक वाचक, महाड)

उत्तर : किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या, दिशेला, वर अर्धघुमटात, मारिया आणि बालयेशू यांचे नवव्या शतकातील मोझेक आहे. नमाजाच्या वेळी ते पडद्यांनी झाकतात. इतर चित्रांपैकी बरीचशी एक तर सज्जात आहेत किंवा नमाजींच्या पाठीमागच्या बाजूला. चर्चचा अक्ष मक्केकडे नेमका जात नसल्याने मिहराब (किब्ला दाखवणारा कोनाडा) मध्यरेषेपासून थोडा उजवीकडे बसवला आहे, आणि सफा, म्हणजे नमाजींच्या रांगा, वास्तूच्या रेषेला तिरप्या होतात. हे आत गेल्यावर सहज लक्षात येईल. मिहराबाच्या दोन्ही बाजूंचे मोठे शमादान (मेणबत्त्यांचे स्तंभ) सुलतान सुलेमानच्या काळात, १५२६ च्या हंगेरीच्या मोहिमेनंतर आणले गेले. वर टांगलेल्या साडेसात मीटर व्यासाच्या आठ तबकड्यांवर अल्लाह, पैगंबर, चार खलिफा आणि हसन-हुसेन यांची नावे आहेत. हे हस्ताक्षर काझी-अस्कर (वरिष्ठ न्यायाधीश) मुस्तफा इज्जत एफेंदींचे. संग्रहालय झाल्यावर या तबकड्या खाली उतरवल्या, पण दारांतून बाहेर जाईनात, म्हणून आतच ठेवून १९४९ मध्ये पुन्हा टांगल्या.

नमाजासाठी येणाऱ्यांना शुल्क नाही. वेळेच्या बरेच आधी पोहोचावे आणि स्त्रियांसाठी जागा वेगळी असल्याने बाहेर भेटण्याचे ठिकाण आधीच ठरवावे. नमाज झाल्यावर शक्य असेल तर तिकीट काढून सज्जातही जावे; खालून न दिसणारी ती चित्रेही याच वास्तूची आहेत. अंगणातील सुलतानांच्या कबरी पाहायला विसरू नये. त्यांतील एका इमारतीत, जेथे सुलतान मुस्तफा पहिला आणि इब्राहिम यांच्या कबरी आहेत, तेथे पूर्वी बाप्तिस्मा दिला जात असे.