टोपणावरच्या नावापेक्षा पेनाचं पोट बघा

जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालेलं काळं शाईपेन. टोपणाला बाणाची क्लिप, त्यावर 'पार्कर' हे नाव, निबेचं जेमतेम टोक बाहेर आणि अंगावर एकही अक्षर नाही. मॉडेल कोणतं, साल कोणतं आणि शाई भरू का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो: अजून भरू नका.

टोपणावर फार विश्वास ठेवू नका. जुन्या पेनांची टोपणं हरवतात, फुटतात, दुसऱ्या पेनाची बसवली जातात. निबेचंही तेच, लोक ती सर्रास बदलतात. पेनाची खरी ओळख पटते ती शाई भरायच्या यंत्रणेवरून, कारण ती सहसा कोणी बदलत नाही.

झाकलेली निब गाजवली ती पार्कर ५१ ने. १९४१ साली ते बाजारात आलं. निब कवचात घेतल्यामुळे टोकावरची शाई लवकर वाळत नसे. कल्पना इतकी चालली की पार्करनेच १९४८ मध्ये स्वस्तातलं पार्कर २१ काढलं आणि पुढे चीनमध्ये हीरो ६१६ याच घाटाचं झालं. तेव्हा तुमच्या वर्णनात किमान तीन पेनं बसतात.

आता पेन हातात घ्या आणि मधल्या धातूच्या कड्यापाशी बॅरल, म्हणजे पेनाचा मागचा नळीसारखा भाग, हलकेच फिरवून बघा. सहज उघडलं आणि आत धातूची नळी व दाबायची पट्टी दिसली, तर त्या नळीवरचा मजकूर भिंगाने वाचा. पार्कर ५१ असेल तर बहुधा तिथेच नाव आणि पट्टी सहा वेळा दाबायची सूचना कोरलेली सापडेल. ही १९४८ पासूनची एरोमेट्रिक भरणी. तिच्यातली शाई साठवायची पिशवी रबराची नसून टिकाऊ प्लास्टिकची असते, त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही ती बहुतेकदा शाबूत निघते. या पेनाबद्दल मला जे प्रेम आहे, त्याचं अर्धं कारण ही पिशवी आहे.

बॅरल उघडत नसेल तर जोर अजिबात लावू नका. मागच्या टोकाची लहान टोपी फिरते का ते बघा. तिच्याखाली दांडा दिसला तर ते १९४८ च्या आधीचं व्हॅक्युमॅटिक भरणीचं पेन असण्याची दाट शक्यता आहे. दांडा आत दाबून बघायचा मोह होतो, तो आवरा. आतला रबरी पडदा कडक झालेला असतो आणि अडकलेला दांडा दाबल्यास मोडू शकतो. पडदा नवा बसवता येतो, पण ते काम जाणकाराकडे द्या.

सालाचं म्हणाल, तर अंगावर अक्षर नाही हे इतक्यात ठरवू नका. कड्याजवळच्या भागावर कोरीव मजकूर फार उथळ असतो आणि पॉलिशने तो घासला जातो. दिवा बाजूने धरून, पेन हळूहळू फिरवत भिंगातून बघा. एखादा सुटा अंक, कधी त्याच्याजवळ ठिपके दिसतील. अंक म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, ठिपक्यांवरून तिमाही कळते. व्हॅक्युमॅटिक ५१ वर ७ दिसला तर १९४७, कारण ही भरणी त्या मॉडेलला १९४१ ते १९४८ याच काळात होती. नंतरच्या पेनांवर हा अंक मिळेलच असं नाही. मजकुराचा मागमूस दिसला, तर कृपा करून पेन पॉलिश करू नका. उरलेला पुरावाही जाईल.

निब सोन्याची नाही म्हणून निराश होऊ नका. '५१ स्पेशल' या स्वस्त प्रकाराची निबही सोन्याची नव्हती. त्यापेक्षा कवचाला तडे आहेत का ते बघा. पार्कर २१ चं प्लास्टिक वेगळं होतं आणि त्याला तडे जाण्याची खोड आहे. ५१ चं अंग ॲक्रिलिकचं, ते सहसा तडकत नाही.

एरोमेट्रिक निघालं तर गार किंवा कोमट पाण्याने, पट्टी दाबून दाबून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. गरम पाणी नको आणि स्पिरिट तर मुळीच नको, त्याने ॲक्रिलिकवर बारीक चिरा पडतात. मग साधी, पातळ शाई भरा. कॅलिग्राफीची घट्ट शाई किंवा चायनीज इंक नको.

आतल्या नळीचा, मागच्या टोकाचा आणि कड्याजवळच्या भागाचा बाजूने उजेड टाकून काढलेला फोटो द्या, मग मॉडेल नक्की करू.