सरकारी वृद्धापकाळ पेन्शन सर्वात आधी कोणी आणि का आणली?

पहिली मोठी योजना जर्मनीची, १८८९ ची, चान्सलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कने आणलेली. आणि तिच्यामागचं कारण उघड राजकीय होतं. कारखान्यांतले कामगार समाजवाद्यांकडे वळत होते. १८७८ मध्ये त्याने कायदा करून त्यांच्या सभा, संघटना, वर्तमानपत्रं बंद पाडली, पण नुसत्या दंडुक्याने भागणार नाही हे तो ओळखून होता. म्हातारपणी सरकारकडून पैसे मिळणार असतील, तर कामगार सरकार उलथवायला निघणार नाही, हा त्याचा हिशोब. आधी १८८३ मध्ये आजारपणाचा विमा आला, १८८४ मध्ये अपघाताचा, मग पेन्शन.

प्रत्येक कामगाराचं एक कार्ड असे. त्यावर दर आठवड्याला वर्गणीचं तिकीट चिकटवायचं. निम्मे पैसे मालकाचे, निम्मे कामगाराचे. शिवाय सरकार प्रत्येक पेन्शनमागे वर्षाला ५० मार्क (जर्मनीचं तेव्हाचं चलन) घालायचं. वयाची अट मात्र ७०! (बिस्मार्कने ६५ ठरवलं ही समजूत चुकीची आहे, ते १९१६ मध्ये झालं.) कारखान्यात राबून सत्तरी गाठणारे कितीसे असणार? म्हणून त्याच कायद्यातली अपंगत्वाची पेन्शन मला जास्त मोलाची वाटते. सत्तरीआधीच शरीराने साथ सोडलेल्यांना तिचाच आधार होता.

राजकीय डाव काही साधला नाही. १८९० च्या निवडणुकीत समाजवाद्यांना सर्वाधिक मतं पडली, बिस्मार्कला त्याच वर्षी पद सोडावं लागलं. पेन्शन लागू झाली ती १ जानेवारी १८९१ पासून.